शेवटच्या पानावरची बारीक अक्षरे

विज्ञानातला कोणताही शोधनिबंध उघडा. मुख्य मजकूर संपला की शेवटची एक-दोन पाने बारीक टाइपात छापलेली दिसतात. नावे, आद्याक्षरे, वर्षे, आकडे आणि त्यांच्यामध्ये पेरलेले स्वल्पविराम-पूर्णविराम. ही संदर्भसूची. बहुतेक वाचक तिथे पोचायच्या आतच निबंध मिटतात. लिहिणाऱ्यालाही हे काम नकोसेच वाटते. प्रयोग झाला, निष्कर्ष लिहून झाले, आता ही कारकुनी कशाला? बाल विज्ञान परिषदेसाठी प्रकल्प करणारी आपली मुले तर 'संदर्भ : इंटरनेट, पाठ्यपुस्तक व काही मासिके' अशी एक ओळ टाकून मोकळी होतात.

ही कारकुनी कशासाठी आहे, तिच्या पद्धती कुठून आल्या आणि ती बेफिकिरीने केली तर काय होऊ शकते, ते या लेखात पाहू. यातला शेवटचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

एका ओळीत काय काय असते?

उदाहरणासाठी आपल्या ओळखीचा एक निबंध घेऊ. २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो, तो रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून. या संशोधनाविषयीचे सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांचे छोटे टिपण ३१ मार्च १९२८ च्या 'नेचर' साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. त्याचा संदर्भ असा देता येईल :

रामन, सी. व्ही. व कृष्णन, के. एस. (१९२८). अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर, १२१, ५०१–५०२.

कोणी लिहिले, कधी लिहिले, काय लिहिले आणि ते कुठे सापडेल, या चार प्रश्नांची उत्तरे या एका ओळीत आहेत. १२१ हा नियतकालिकाचा खंड आणि पुढचे दोन आकडे म्हणजे पहिले व शेवटचे पान. जुन्या ग्रंथालयात कपाटातून १२१ क्रमांकाचा बांधीव खंड काढायचा आणि ५०१ वे पान उघडायचे, की रामन-कृष्णन यांचे शब्द आपल्यासमोर.

इथे कोणी चौकस विद्यार्थी विचारेल, की खंडाचा क्रमांक दिला आहे, तर वर्ष पुन्हा कशाला? हे टपालाच्या पत्त्यासारखे आहे. आपण पत्त्यात गाव, जिल्हा, राज्य लिहितो आणि वर पिनकोडही लिहितो. त्यातला पहिला ४ हा आकडा आपला विभागच पुन्हा सांगत असतो. (ही पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली.) गावाच्या नावात चूक झाली तर पिनकोड सावरून घेतो. तसेच छापताना १९२८ चे १९८२ झाले, तरी १२१ वा खंड वाचकाला योग्य कपाटाशी नेतो. माहितीची ही पुनरुक्ती मुद्दाम ठेवलेली आहे.

आता बहुतेक नियतकालिके संगणकावर वाचली जातात. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, बंद पडतात. म्हणून २००० सालापासून प्रत्येक निबंधाला एक कायमचा क्रमांक देण्याची पद्धत रुळली. त्याला डीओआय म्हणतात. प्रकाशकाने निबंध एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला तरी हा क्रमांक तोच राहतो. जुन्या निबंधांनाही मागाहून असे क्रमांक दिले गेले. रामन-कृष्णन यांच्या टिपणाचा क्रमांक आहे १०.१०३८/१२१५०१सी०. (संगणकावर तो अर्थातच रोमन अक्षरांत व आकड्यांत टाकावा लागतो.) तिरप्या रेघेपुढचे आकडे नीट पाहा. १२१ वा खंड आणि ५०१ वे पान त्यात लपलेलेच आहेत. नव्या क्रमांकाच्या पोटात जुना पत्ता!

गोगलगाय आणि व्हँकूव्हर

माहिती तीच असली तरी ती मांडायच्या पद्धती शेकड्यांनी आहेत. मात्र मुळात त्यांची घराणी दोनच.

पहिले घराणे लेखक-वर्ष पद्धतीचे. मजकुरात ज्या ठिकाणी आधार घेतला तिथेच कंसात '(रामन व कृष्णन, १९२८)' असे लिहायचे आणि शेवटी आडनावांच्या वर्णानुक्रमाने पूर्ण सूची द्यायची. हिला 'हार्वर्ड पद्धत' असेही म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये एका बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांवर दीर्घ निबंध लिहिला. त्यात त्यांनी ही पद्धत वापरली आणि तोच तिचा पहिला वापर मानला जातो. गोगलगायीमुळे मार्क यांचे नाव किती जणांना माहीत झाले कोण जाणे, पण त्यांचा कंस जगभर पसरला.

दुसरे घराणे क्रमांक पद्धतीचे. मजकुरात फक्त १, २, ३ असे आकडे द्यायचे आणि सूचीही त्याच क्रमाने लावायची. वैद्यकशास्त्रात ही पद्धत जास्त चालते. तिचे एक प्रमाण रूप ठरले ते कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात. टंकलेखन यंत्राच्या त्या काळी प्रत्येक नियतकालिकाचा संदर्भ लिहिण्याचा खाक्या वेगळा असे. एका ठिकाणाहून निबंध परत आला, की दुसरीकडे पाठवण्यासाठी पूर्ण सूची पुन्हा टंकलिखित करावी लागे. या कटकटीवर उपाय म्हणून काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जानेवारी १९७८ मध्ये तिथे जमले आणि त्यांनी सर्वांना चालेल असा एक साचा ठरवला. त्या साच्यात आपला संदर्भ असा दिसेल :

१. रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१:५०१–२.

आद्याक्षरांपुढची टिंबे गेली, वर्ष मागे गेले, दुसऱ्या पानाचे दोन आकडे वाचले. माहिती मात्र तीच.

यांतली चांगली पद्धत कोणती? लेखक-वर्ष पद्धतीत वाचकाला वाचता वाचताच कळते, की हा आधार ताजा आहे की पन्नास वर्षांपूर्वीचा. क्रमांक पद्धतीत जागा वाचते, पण मध्येच एक नवा संदर्भ घातला की पुढचे सगळे आकडे बदलावे लागतात. प्रत्यक्षात निवड आपल्या हाती नसतेच. प्रत्येक नियतकालिक 'लेखकांसाठी सूचना' छापते, त्यात जे सांगितले असेल ते पाळायचे. अनेक नियतकालिके आता पहिल्या खेपेला कोणतीही एक पद्धत चालवून घेतात, फक्त ती सबंध हस्तलिखितात एकसारखी हवी. आम्हांला हे शहाणपणाचे वाटते. स्वल्पविराम की अर्धविराम यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. पान क्रमांक बरोबर आहे का, यासाठी मात्र एखादी रात्र जागायला हरकत नाही.

आपल्याकडच्या लेखकांपुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. या दोन्ही पद्धती 'आडनाव आधी' असे गृहीत धरतात. पण रामन हे आडनाव नव्हतेच. ते त्यांच्या स्वतःच्या नावाचा भाग होते, आणि सी. हे अक्षर वडिलांच्या चंद्रशेखर या नावाचे. आपल्याकडे आडनावे आहेत, पण पाटील, जोशी, कुलकर्णी इतके, की 'पाटील एस., २०१९' म्हटल्यावर नक्की कोण हे सांगणे कठीण. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन निबंध असतील तर १९२८अ, १९२८ब असे लिहून सुटका होते. दोन लेखक एकाच नावाचे असतील तर तेवढ्याने भागत नाही. म्हणून २०१२ पासून संशोधकांना ऑर्किड नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक घेता येतो. असो.

नमुना जो निबंध झाला

साचा समजावा म्हणून सूचनांमध्ये एखादा नमुना संदर्भ दिलेला असतो. एल्सेव्हिअर या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या सूचनांत असाच एक नमुना होता. व्हॅन डर गीर आणि आणखी दोन लेखक, वर्ष २०००, 'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला' अशा अर्थाचे शीर्षक, १६३ वा खंड, पाने ५१ ते ५९. खंड आहे, पाने आहेत, सगळे यथास्थित आहे. फक्त असा निबंध कधी लिहिलाच गेला नाही, आणि ते नियतकालिकही अस्तित्वात नाही. नमुन्यासाठी रचलेली ती एक ओळ होती.

तरीही पीटर क्रूनेनबर्ग या डच प्राध्यापकांना हा 'निबंध' खऱ्या निबंधांच्या सूच्यांमध्ये दिसू लागला. ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा या नसलेल्या निबंधाचा आधार जवळपास ४०० निबंधांत घेतलेला आढळला. बरेचसे निबंध परिषदांच्या वृत्तान्तांतले होते. नमुन्याच्या फाइलवरच आपला निबंध लिहायचा आणि नमुन्याच्या ओळी पुसायला विसरायचे, असे त्यांतल्या पुष्कळांचे झाले असावे. पण लेखक विसरले तरी परीक्षक, संपादक आणि मुद्रितशोधक यांपैकी कोणाचीही नजर तिथे अडली नाही. कारण संदर्भ अगदी साच्यात बसणारा होता!

आता तर असे संदर्भ हवे तितके तयार होऊ शकतात. प्रश्न विचारल्यावर उत्तर लिहून देणारे संगणक-प्रोग्राम लेखक, वर्ष, खंड, पाने असा देखणा संदर्भ क्षणात देतात, आणि त्यांतले काही मुळात नसतातच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलर दंड केला, तो अशाच कपोलकल्पित निवाड्यांचे दाखले अर्जात दिल्याबद्दल.

उत्तरपत्रिकेतली तीच चूक

दोन विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर असेल तर शिक्षकाला काही वाटत नाही. पण दोघांचे उत्तर चूक असून चूक तंतोतंत एकच असेल, तर कोणी कोणाचे पाहिले एवढेच शोधायचे उरते. लॉस एंजेलिस येथील मिखाइल सिमकिन आणि व्ही. रॉयचौधुरी यांनी २००३ च्या सुमारास हीच युक्ती शास्त्रज्ञांवर चालवली. एका नावाजलेल्या निबंधाचे सुमारे ४,३०० संदर्भ त्यांनी तपासले. त्यांत १९६ ठिकाणी खंड, पान किंवा वर्ष चुकलेले होते. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर त्या भरल्या फक्त ४५. पान क्रमांकातली एकच एक चूक तब्बल ७८ वेळा आली होती.

पानाचा आकडा नाना तऱ्हांनी चुकू शकतो. ७८ जणांनी आपापल्या बुद्धीने तोच चुकवणे शक्य नाही. एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी मूळ निबंध न उघडता त्याच्या किंवा एकमेकांच्या सूचीतून ओळ उतरवून घेतली. यावरून या दोघांनी असा अंदाज बांधला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा लोक मूळ निबंध वाचतात. हा अंदाज आम्हांला थोडा कडक वाटतो. एखाद्याने निबंध वाचलेला असेल आणि सूची करताना केवळ आळसाने दुसऱ्याची ओळ उचलली असेल, हेही शक्य आहे. पण उतारा काढणे सर्रास चालते, एवढे मात्र त्यातून पक्के दिसते.

पाच वाक्यांचे पत्र

मूळ न वाचता आधार दिला तर बिघडते काय? याचे उत्तर जानेवारी १९८० मध्ये सुरू होते.

त्या महिन्यात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रतिष्ठित नियतकालिकात संपादकांना लिहिलेले एक पत्र छापून आले. बॉस्टनचे जेन पोर्टर व हर्शेल जिक हे त्याचे लेखक. पत्रात एकच परिच्छेद होता आणि त्यात पाच वाक्ये. रुग्णालयात दाखल असलेल्या ज्या रुग्णांच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या, त्यांपैकी ११,८८२ जणांना अफूवर्गातले वेदनाशामक औषध किमान एकदा दिले गेले होते. आणि ज्यांना पूर्वी कसलेही व्यसन नव्हते अशांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची खात्रीलायक नोंद होती. रुग्णालयात अशा औषधाने व्यसन लागणे दुर्मीळ आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पत्रात खोटे काही नव्हते. पण ही माहिती रुग्णालयातल्या, परिचारिकांच्या देखरेखीखालच्या रुग्णांची होती. पाठदुखीसाठी कोणी हीच गोळी घरी महिनोन्महिने घेतली तर काय होईल, याविषयी पत्र एक अक्षरही बोलत नव्हते. बोलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो अभ्यास त्यांनी केलाच नव्हता.

पुढे या वर्गातल्या नव्या, जोरदार गोळ्या अमेरिकेच्या बाजारात आल्या. ऑक्सिकॉन्टिन ही त्यांतली सर्वांत गाजलेली. ती १९९६ मध्ये विक्रीस आली. दीर्घकाळ दिल्या तरी या गोळ्यांचे व्यसन क्वचितच लागते, असे डॉक्टरांना सांगितले जाऊ लागले, आणि आधार म्हणून पुढे केले जाई ते हेच पत्र. 'व्यापक अभ्यास', 'मैलाचा दगड' अशी विशेषणे त्याला चिकटत गेली. टोरंटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला. या पत्राचा संदर्भ देणारी ६०८ लिखाणे त्यांना सापडली. त्यांपैकी ४३९ लेखकांनी व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून ते वापरले होते. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही कळीची गोष्ट ४९१ जणांनी सांगितलीच नव्हती.

अमेरिकेत १९९९ ते २०२१ या काळात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने सहा लाखांहून अधिक माणसे दगावली. यात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचे बळी आहेत तसे चोरट्या मालाचेही आहेत. हे सगळे पाप एका पत्राच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. ऑक्सिकॉन्टिन बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ मध्ये कबूल केला आणि ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. पण विक्रेत्याच्या बोलण्याला शास्त्राचा मुलामा मिळाला तो त्या एका ओळीने. ती ओळ व्हँकूव्हरच्या साच्यात अशी दिसते :

पोर्टर जे, जिक एच. अडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कोटिक्स. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. १९८०;३०२:१२३.

शेवटचा आकडा पाहा. १२३. पुढे आडवी रेघ नाही, दुसरे पान नाही. बारा हजार रुग्णांचा व्यापक अभ्यास एका पानात कसा मावला, ही शंका त्या एका आकड्यावरून यायला हवी होती. शिवाय याच साच्यात अशीही सोय आहे, की मजकूर हा निबंध नसून पत्र असेल तर शीर्षकापुढे चौकटी कंसात [पत्र] असे लिहावे. काही सूच्यांत तो कंस दिसतो, अनेक सूच्यांत तो गळलेला असतो. एक शब्द वाचवला गेला आणि पत्राचा निबंध झाला. नियतकालिकाने नंतर आपल्या संकेतस्थळावर या पत्राच्या डोक्यावरच एक टीप लावली, की व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून या पत्राचा फार मोठ्या प्रमाणावर आणि विचार न करता आधार घेतला गेला आहे.

आपली सूची करताना

हस्तलिखित नियतकालिकाला पाठवायचे असो की प्रकल्पाची वही तालुक्याच्या प्रदर्शनात मांडायची असो, सूची शेवटच्या रात्री करायला घेतली की ती बिघडते. पुस्तक हातात असतानाच लेखक, वर्ष, आवृत्ती, प्रकाशक आणि पान टिपून ठेवावे. झोटेरोसारखे मोफत मिळणारे प्रोग्राम साचा बदलण्याचे काम चुटकीसरशी करतात. ते जरूर वापरावेत. पण आपण चुकीचा खंड भरला तर ते तोच खंड नीटनेटका छापून देतील.

मूळ निबंध मिळाला नाही आणि त्याविषयी दुसऱ्याच पुस्तकात वाचले, तर तसे स्पष्ट लिहावे : 'रामन व कृष्णन (१९२८), अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत'. यात कमीपणा नाही. गावातल्या शेतकऱ्याने जुन्या ज्वारीच्या वाणाची माहिती दिली, तर मजकुरातच 'प्रत्यक्ष मुलाखत' म्हणून तारखेसह नोंदवावी. अशी मुलाखत वाचकाला उघडून पाहता येत नाही, म्हणून बहुतेक नियतकालिके ती सूचीत घेत नाहीत. संकेतस्थळावरचा मजकूर बदलता असतो, म्हणून आपण तो कोणत्या तारखेला पाहिला तेही द्यावे.

मराठी पुस्तकांचा आधार इंग्रजी निबंधात द्यायचा असेल तर शीर्षक रोमन लिपीत लिहून पुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ आणि 'मराठीत' असा उल्लेख करतात. शीर्षकाचे नुसते भाषांतर देऊ नये. त्या नावाचे पुस्तक ग्रंथपालाला जन्मात सापडणार नाही. जुन्या मराठी ग्रंथांवर शक छापलेला असतो. शके १८०० म्हणजे इसवी सन १८७८, पण शक चैत्रात बदलत असल्याने वर्षाचे शेवटचे दोन-तीन महिने १८७९ मध्ये पडतात. तेव्हा शक तसाच ठेवून इसवी सन कंसात द्यावा.

वर्गात एक तास काढून मुलांच्याच प्रकल्पांच्या सूच्या अदलाबदल करून वाटता येतील. दुसऱ्याच्या सूचीतली एक ओळ घ्यायची, ग्रंथालयात किंवा संगणकावर ते पान गाठायचे आणि प्रकल्पात म्हटले आहे तेच त्या पानावर आहे का, ते पाहून समोर लिहायचे. ज्या ओळीपुढे 'सापडले नाही' असे लिहावे लागेल, ती ज्याची त्याने दुरुस्त करायची किंवा खोडायची.